घरचं सॅम्पल

चौतीस वर्षं मी लोकांच्या हातात सुया टोचल्या आणि त्याचा पगार घेतला. एवढ्या अवधीत तोंडावर बोलून जाणारे पुष्कळ भेटले, ओवाळणारं कुणी भेटलं नाही. रक्त काढणाऱ्याचं असंच असतं. डॉक्टर बरं करतो, नर्स काळजी घेते, आम्ही तेवढे दुखवतो. कोथरूडमध्ये एका पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. मूळचा परभणीचा, पण केस तिशीतच पांढरे झाल्यामुळे अख्खं कोथरूड मला 'काका' म्हणत असे. मला काका म्हणणाऱ्यांत माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आजोबाही होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या कामात कसब सुईचं. सुई महिना-दोन महिन्यांत येते. खरं काम सुईच्या आधीचं. आमच्याकडे एक फॉर्म असायचा. काय खाल्लंय, कधी खाल्लंय, कोणती औषधं चालू आहेत, शेवटची गोळी किती वाजता घेतली, आणि तळाशी मोठी चौकट, 'तक्रार'. लॅबच्या मालकीण आमच्या डॉक्टरबाई. त्यांचा नियम होता की पेशंटला समोर बसवून, प्रत्येक प्रश्न तोंडानं विचारून हा फॉर्म आपल्या हातानं भरायचा. "नळीतलं रक्त बोलत नाही. ज्याचं आहे तो अजून समोर बसलाय तोवर विचारून घ्या," असं त्या म्हणत. फॉर्म कोरा असलेली नळी त्यांनी एकदा माझ्यासमोर कचऱ्यात टाकली होती आणि त्या पेशंटला फोन करून पुन्हा बोलवायचं काम मलाच दिलं होतं. पेशंट सदाशिव पेठेतला होता. तो फोन मी अजून विसरलेलो नाही.

आता हे विचारणं म्हणजे पुण्यात वाद ओढवून घेणंच. एक निवृत्त गृहस्थ उपाशीपोटीच्या साखरेसाठी आले. मी विचारलं, "सकाळपासून काही घेतलंत का?"

"काही नाही. फक्त चहा."

"चहा चालत नाही, साहेब."

"चहा खातात का? तुम्ही लिहिलंय, 'काही खाऊ नये'."

"साखर घातली होती?"

"न घालता त्याला चहा म्हणत नाहीत."

त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते आले ते सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिलेली तक्रार घेऊनच. पुढची पंधरा वर्षं मात्र ते दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये गेले नाहीत. पुणेकर असा भांडून आपलासा होतो.

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातले एक फोरमन होते, शिंदे. जन्मभर बॉम्बगोळ्यांत वावरलेला माणूस सुई बघितली की पांढराफटक पडायचा. त्यांना आडवं झोपवूनच रक्त काढावं लागे. एकदा झोपल्या झोपल्या म्हणाले, "आमच्याकडं कशालाही हात लावायच्या आधी तीन जण तपासतात. आणि रोज त्याच कामावर असतो ना, त्याला तर जास्तच तपासतात. त्याला वाटतं, आपल्याला सगळं माहीत आहे." मी हसलो. तेव्हा ते वाक्य माझ्यासाठी आहे असं वाटलं नाही.

आणि थायरॉइडवाले. ते कायम गोंधळलेले, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण रिपोर्टच उलटा वाचायचा असतो. गळ्यातली ही ग्रंथी शरीराला वेग देते. ती काम करते की नाही यावर मेंदू लक्ष ठेवतो आणि तिला सतत हाका मारतो. त्या हाकेचं नाव टीएसएच. सकाळी पोरगा उठत नाही तेव्हा आईचा आवाज चढत जातो, तसं हे आहे. आवाज जितका मोठा, तितका पोरगा गाढ झोपलेला. म्हणजे टीएसएचचा आकडा वाढला की ग्रंथी झोपली आणि आकडा पार खाली गेला की ग्रंथीनं उच्छाद मांडला, किंवा बाहेरून गोळी जास्त होते आहे. हे सांगितलं की लोक मान डोलवायचे आणि जिना उतरता उतरता फोनवर नातेवाइकांना बरोब्बर उलटं सांगायचे.

एक बाई वर्षातून दोनदा यायच्या. एकदा आकडा छान, एकदा आकाशात. चौथ्या वेळी मी विचारलं, तर म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल आला की मी गोळी बंद करते. कशाला उगाच?"

"अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय. नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नसते."

हे वाक्य मी घरी येऊन बायकोला ऐकवलं. असे किस्से ऐकवणं हा आमचा संध्याकाळचा फराळ होता. आता तिच्याविषयी सांगतो, कारण हे सगळं लिहायला घेतलं ते तिच्यासाठीच.

माझी बायको मीना जवळच्याच एका शाळेत गणित शिकवायची. माहेर शनिवार पेठेतलं, त्यामुळे जीभ जन्मतःच धार लावलेली. एका मुलाच्या गणितात वडिलांचं वय दोनशे चाळीस वर्षं आलं, तेव्हा ती रागावली नाही. "वडिलांना माझा नमस्कार सांग," एवढंच म्हणाली. तो मुलगा आता इंजिनिअर आहे आणि भेटला की अजून वाकून नमस्कार करतो. मला तिचं बोलणं फार आवडायचं. लग्न ठरवतानाही मी त्यालाच भुललो होतो, हे इथे पहिल्यांदा कबूल करतो.

चाळिशी उलटल्यावर तिला थायरॉइड निघाला. हाशिमोटो नावाचा प्रकार. यात शरीराचेच शिपाई ग्रंथीला शत्रू समजून तिच्यावर चालून जातात आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. मी तिला म्हणालो, "काळजी करू नकोस, घरात लॅबवाला आहे."

ही बढाई मला पुढे महागात पडली.

कारण घरात लॅबवाला होता म्हणून तिला लॅबमध्ये यायची गरजच उरली नाही. दर काही महिन्यांनी शाळेच्या आधी मी डायनिंग टेबलावर तिचं रक्त घ्यायचो, नळीवर चिठ्ठी लावायचो, 'मीना, घरचं', आणि डब्याच्या पिशवीतून लॅबमध्ये न्यायचो. फॉर्म नाही. घरच्या माणसाचा कसला फॉर्म? आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. जगाला शंभर प्रश्न विचारायचे आणि घरचं सॅम्पल गुपचूप रॅकमध्ये सरकवायचं. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडेही मीच जायचो, कारण तिला शाळेतून वेळ नसे. ते माझ्या ओळखीचे. आकडा बघायचे, गोळी कमी-जास्त करायचे, मी ती घेऊन घरी यायचो. मीनाचा आजार मी आणि डॉक्टर असे दोघे मिळून चालवत होतो. पेशंट सोडून सगळे हजर असायचे.

काही वर्षं सगळं सुरळीत गेलं. मग तिचे केस गळायला लागले. विंचरताना हातात पुंजके यायचे. तिनं बोलून नाही दाखवलं, पण आरशासमोर जास्त वेळ थांबायला लागली. मला ते बघवेना. खालच्या केमिस्टनं केसांसाठी एक व्हिटॅमिनची गोळी सुचवली, बायोटीनची, चांगली जोरदार. मी मोठ्या प्रेमानं वर्षभर पुरेल एवढी आणली आणि फ्रिजवरच्या डब्यात ठेवली. ती रोज घ्यायला लागली आणि मी ते विसरून गेलो.

पुढच्या रिपोर्टमध्ये टीएसएच पार तळाला गेलेला आणि थायरॉइडचं हार्मोन वर. म्हणजे गोळी जास्त होते आहे. डॉक्टरांनी डोस कमी केला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आणखी कमी केला. रिपोर्टप्रमाणे माझी बायको वाऱ्याच्या वेगानं पळत असायला हवी होती. प्रत्यक्षात ती मे महिन्यात अंगावर शाल घेऊन बसत होती. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड, एका जिन्यात दोनदा थांबायची.

"मला बरं नाही वाटत हो," ती म्हणाली.

मी रिपोर्ट तिच्यासमोर धरला. "हे बघ. यात तू दमायचं कारणच नाही. उलट तुला झोप लागायला नको, घाम यायला हवा."

"मग भांडी त्या रिपोर्टला घासायला सांगा," ती म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस तिच्या तोंडून फटकळ वाक्य आलं नाही. पुढे एक दिवस मी जेवताना म्हणालो, "भाजी जरा खारट झालीये." ती म्हणाली, "असेल." पंचवीस वर्षांच्या संसारात भाजी खारट असल्याचं तिनं असं मुकाट मान्य केलेलं नव्हतं. माझ्या जागी कुणीही शहाणा असता तर ताट सोडून तिला डॉक्टरकडे घेऊन गेला असता. मी ताक मागितलं.

मग जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती एका दुपारी लवकर घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. मी तेव्हा सकाळपाळी करून जेवायला घरी आलो होतो.

"आठवीच्या वर्गात फळ्यावर गणित सोडवत होते," ती सांगायला लागली. "मध्येच अडकले. पुढची पायरीच सुचेना. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून सांगितली. सगळा वर्ग गप्प बसला होता. हसले असते तर बरं झालं असतं."

"होतं कधीकधी."

"तिसऱ्यांदा झालंय." तिनं पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. अक्षर नेहमीसारखं वळणदार, पण ओळी खाली उतरत गेलेल्या. "शनिवारी देणार आहे. मुलांचं नुकसान मला नाही करायचं."

"अगं, पण तुला झालंय काय?"

"डोकं गेलं असेल माझं. थायरॉइड तर नाही ना? रिपोर्ट तुमच्या हातचा आहे. तो कसा चुकेल?"

यात टोमणा नव्हता. ती मनापासून म्हणत होती. तिचा स्वतःच्या अंगावरचा विश्वास उडाला होता आणि माझ्या कागदावरचा शाबूत होता. मी तिला दूध गरम करून दिलं.

गुरुवारी सकाळी लॅबमध्ये एक बाई आल्या. येरवड्याच्या तुरुंगात महिला शिपाई होत्या, कोथरूडला बहिणीकडे आल्या होत्या. थायरॉइडचीच तपासणी. मी फॉर्म पुढे ओढला.

"औषधं कोणती चालू आहेत?"

"थायरॉइडची गोळी. बाकी काही नाही."

"केसांसाठी, नखांसाठी, ताकदीसाठी काही?"

"ते औषध होय? केसांची एक घेते. ते आपलं असंच."

डॉक्टरबाईंनी काही आठवड्यांपूर्वी आम्हाला मुद्दाम बसवून सांगितलं होतं. केसांच्या गोळ्यांत बायोटीन भरपूर असतं, आणि आमच्यासारख्या काही मशीनमध्ये हार्मोन मोजायच्या पद्धतीतच बायोटीन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की मशीन फसतं. टीएसएच खोटाच कमी दाखवतं, हार्मोन खोटंच जास्त. तेव्हापासून हा प्रश्न मी रोज दहा जणांना तरी विचारत होतो.

मी शिपाईबाईंना म्हणालो, "आज रक्त नाही घेत. ही केसांची गोळी काही दिवस बंद ठेवून या. किती दिवस ते डॉक्टरबाई सांगतील."

"एवढ्याशा गोळीनं काय होतंय?"

"अहो, या गोळीनं रिपोर्ट पार उलटा येतो. माणूस आतून थंड पडत असतो आणि कागदावर दिसतं की..."

आणि माझं पेन थांबलं. फ्रिजवरचा डबा डोळ्यांसमोर आला. तो डबा, ती पाकिटं, ती आणणारा मी.

"काय झालं, काका?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. घरी एक विचारायचं राहून गेलं."

"आमच्याकडं पण आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, जवळ काय आहे. सगळे नाहीच म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर झडती घ्यायची. ओळखीचा असला तरी घ्यायची."

मला शिंदे फोरमन आठवले. रोज त्याच कामावर असणाऱ्याला जास्त तपासतात. मी डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"किती वर्षं घरचं सॅम्पल आणताय?"

"सात-आठ."

"एकदाही फॉर्म नाही?"

"एकदाही नाही," मी म्हणालो.

"नळी आणू नका आता," त्या म्हणाल्या. "पेशंटला आणा."

घरी गेलो. मीना वह्या तपासत बसली होती. एक वही बराच वेळ तिच्यासमोर उघडी असावी. मी फ्रिजवरचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं की ही गोळी मी आणली, रिपोर्ट हिनं फसवले, त्या रिपोर्टवर तुझं खरं औषध कमी होत गेलं, आणि हे सगळं मला माहीत होतं. लोकांना मी रोज सांगत होतो. तुला विचारलं नाही.

तिनं डबा उघडून आतली पाकिटं बघितली. मला वाटलं, आता चिडेल. मला ती चिडायला हवी होती.

"म्हणजे माझं डोकं नाही गेलं?" तिनं विचारलं.

"नाही गं. तुझं नाही. माझं गेलं होतं."

तेव्हा ती रडली. मीही रडलो, लपवत नाही. शनिवारचा अर्ज रिपोर्ट येईपर्यंत थांबवायचं तिनं कबूल केलं. फक्त थांबवायचं, फाडायचं नाही, असं बजावून.

केसांची गोळी बंद केली, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या दिवशी तिला रिक्षातून लॅबमध्ये घेऊन गेलो. इतक्या वर्षांत ती तो जिना पहिल्यांदा चढत होती. मध्ये दोनदा थांबली. मी मागे उभा राहून ते मोजलं. खुर्चीत बसवलं आणि फॉर्म घेतला. समोर बायको बसलेली, 'अगं' म्हणावं की 'अहो' ते कळेना. म्हणून मी नेहमीच्या पेशंटशी बोलतो तसं बोलायला लागलो.

"आपलं नाव?"

"विसरलात?"

मी ते लिहिलं. म्हणजे नाव लिहिलं. वय, गोळीची वेळ, सकाळपासून काही घेतलंय का, सगळं विचारलं. शेवटी तळाची चौकट आली.

"तक्रार?"

तिनं मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग एकेक सांगायला लागली. "थंडी वाजते. जिन्यात दम लागतो. वर्गात पुढची पायरी आठवत नाही." मी लिहीत होतो. "आणि घरी कुणी विश्वास ठेवत नाही."

मी तेही लिहिलं. चार तक्रारी, चार ओळी. डॉक्टरबाईंनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पहिल्या तीन मी बघते. चौथी आपल्या मशीनवर होत नाही."

टीएसएच इतका वर आला की मशीनवर दोनदा लावून बघितला. ग्रंथी कधीची गाढ झोपली होती आणि मेंदू घसा फुटेस्तोवर हाका मारत होता. फिजिशियनकडे या वेळी मीना स्वतः आली. त्यांनी तिचा चेहरा बघितला मात्र, रिपोर्ट उघडायच्या आधीच म्हणाले, "अहो, तुम्ही आधी का नाही आलात?" तिनं माझ्याकडे बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. मोठेपणा म्हणायचा.

डोस पूर्ववत झाला. लगेच काही घडलं नाही. ही गोळी सावकाश काम करते. पण दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस मी म्हणालो, "आमटीत मीठ कमी आहे का गं?" आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "मीठ तुमच्या हाताजवळ आहे. की त्यालाही रिपोर्ट हवा?" मी घास हातात धरून बसलो. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

अर्जाचा कागद तिनं फाडला नाही. पाठची बाजू कोरी होती, म्हणून त्यावर आठवीच्या मुलांसाठी गणितं काढली. पुढे निवृत्त झाली ती वयानं, पूर्ण नोकरी करून. शेवटच्या दिवशी मुलांनी तिला एक भेटकार्ड दिलं. आत लिहिलं होतं, 'बाईंना आमच्या वडिलांचा नमस्कार.'

आता आम्ही दोघेही घरी असतो. लॅब दुसऱ्यांच्या हातात गेली. रक्त घ्यायला एक चुणचुणीत मुलगी घरी येते, मोबाइलवर दोन खुणा करते आणि तीन मिनिटांत निघून जाते. म्हणून ती यायच्या आधी आमचा कार्यक्रम असतो. जुने कोरे फॉर्म मी निवृत्त होताना मागून आणले होते. डायनिंग टेबलाच्या एका बाजूला मीना बसते, दुसऱ्या बाजूला मी. आजतागायत एकही वेळ चुकवलेली नाही. तो कागद आम्ही त्या मुलीच्या हातात देतो. ती बिचारी घडी करून ठेवते.

परवाच हा कार्यक्रम झाला.

"औषधं?"

"तुम्हीच देता. तुम्हाला माहीत आहे."

"तोंडानं सांगा."

तिनं सांगितली. अगदी हळद घातलेल्या दुधापर्यंत.

"तक्रार?"

"गुडघा दुखतो. तो वयाचा. बाकी काही नाही."

मी पेन टेकवून थांबलो. ती चौथी ओळ मी दर वेळी विचारतो, तिला ठाऊक आहे.

"आणि घरी?"

"घरचं नॉर्मल आहे," ती म्हणाली. मी पेनाचं टोपण लावायला घेतलं, तशी तिनं माझा हात धरला. "लगेच काय मिटवताय? नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नसते."